बिनसुताचा माग

या चिंचेखाली दोन लाकडी खांब आहेत आणि मध्ये कमरेइतका खड्डा. नवा माणूस आला की विचारतो, देव कुठंय? देव नाही. हा कोष्ट्याचा माग आहे, आणि याच्यावर सूत चढवायचं नाही ही निंबळगावची रीत. का, ते माझ्या आजेसासूनं मला सांगितलं, तसंच सांगते.

एक होता राणोजी कोष्टी. त्याचा मुलगा तुळशीराम, सून सगुणा. राणोजीच्या हातचं लुगडं चार गावांत नावाजलेलं. पण म्हातारपणी त्याला एकच घोर लागला. एक लुगडं उतरलं की लगेच नवा ताणा, म्हणजे उभं सूत, मागावर चढायचा. राणोजी म्हणायचा, "अर्धं ठेवून गेलो तर पुरं करायला परत जन्म घ्यावा लागेल. हा फेरा नको रे देवा." म्हणायचा, आणि पुन्हा खड्ड्यात पाय सोडून बसायचा. व्हायचं तेच झालं. अर्धं लुगडं मागावर राहिलं. जाताना त्यानं तुळशीरामाचं मनगट धरलं. "मला परत यायचं नाही," एवढंच बोलला.

दहाव्याला पिंड इथंच मांडला, नदीकाठी. चिंचेवर कावळा होता, पण खाली उतरेना. तुळशीरामानं हात जोडले. "बाबा, लुगडं मी पुरं करीन." कावळा वरच्या फांदीवर गेला. "तुमचा माग कधी रिकामा ठेवणार नाही." आणखी वर. "होणाऱ्या लेकराच्या हातात विणायला तुमचाच धोटा देईन." तसा कावळा पार शेंड्याला जाऊन बसला, म्हणे. ऊन डोक्यावर आलं. तुळशीरामाच्या तोंडाला कोरड पडली. भाऊबंद चुळबुळायला लागले.

चुलता म्हणाला, "दर्भाचा कावळा करून शिवव, आणि उरक आता."

"उरकायला ही काय लग्नाची पंगत आहे, काका?" तुळशीराम म्हणाला.

सगुणा पाच महिन्यांची पोटुशी, लांब उभी राहून सगळं ऐकत होती. ती पुढं झाली. "अहो, तुम्ही मामंजींना निरोप देताय का आवतण?"

उत्तराला थांबलीच नाही. तशीच घरी गेली आणि मागावरचा ताणा कात्रीनं आडवा कापला. कोष्ट्याच्या घरी चढलेला ताणा कापायचा म्हणजे जेवत्याचं ताट ओढायचं. अर्धं लुगडं खांद्यावर टाकून ती परत आली. "मामंजी, माग मोकळा केला. तुमचं काही राहिलं नाही. आता वळून बघू नका."

कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला.

तरी सगुणेचा घोर काही सुटला नाही. आयाबाया यायच्या, कौतुकानं म्हणायच्या, "राणोजीबाबाच येणार बघ तुझ्या पोटी!" सगुणा तिथून उठून आत जायची. राणोजीच्या उजव्या कानाच्या पाळीवर जांभळा तीळ होता. तो तीळ घेऊन लेकरू आलं, तर म्हातारा सुटलाच नाही. चार महिने तिच्या घशाखाली घास नीट उतरला नाही.

दिवस भरले. मुलगी झाली. सगुणा सुईणीला म्हणाली, "आधी कान दाखव." सुईणीनं दोन्ही कान उजेडात धरले. तीळ नव्हता. नाक बघितलं, हनुवटी बघितली, बोटं बघितली. सुईण बिचारी भीतभीत म्हणाली, "बाई, ही तर घरातल्या कुणावरच गेली नाही."

सगुणा ढसाढसा रडली. आणि तुळशीरामानं गावभर साखर वाटली. "पहिली मुलगी, अन् साखर कसली रे?" असं विचारलं की सांगायचा, "कोरी आलीय हो, नव्या कापडासारखी. बाबा सुटले!" त्याच अर्ध्या लुगड्यात तिला गुंडाळली. म्हाताऱ्याचा माग उपटून इथं आणून कायमचा मोकळा रोवला, सूत चढलं तर त्याला परत बोलावणं जाईल म्हणून, आणि घरी स्वतःसाठी नवा बसवला.

आजही निंबळगावात दहाव्याला कुणी वचनं देत नाही. बाळ बघायला गेलात तर 'कुणावर गेलंय?' असं चुकून विचारू नका, घरातल्यांच्या काळजात धस्स होतं. 'कोरं आहे हो लेकरू,' एवढंच म्हणा. मग बघा, तुमच्याही हातावर साखर पडते.