कुंपणापलीकडची आई

केशरनगर आणि माणिकनगर ही शेजारीशेजारी वसलेली दोन राज्यं होती. भाषा एक, सण एक, पोळीतलं पुरणही एकच! पण भोंडल्याची गाणी मुळात कुणाची, यावरून दोन्ही राजांचं बिनसलं. “आमची!” “छे, आमची!” करता करता भाले निघाले आणि मधल्या हिरव्यागार माळावर जादूचं काटेरी कुंपण उभं राहिलं.

नेमकी तेव्हाच शेवंतीची आई आजारी आजीला बघायला माहेरी, माणिकनगरला गेली होती. ती तिकडेच अडकली. इकडे चिमुकली शेवंती भाकऱ्या थापायला शिकली, बाबांबरोबर मोळ्या विकू लागली. रोज संध्याकाळी ती कुंपणाशी कान देऊन उभी राही. पलीकडून कधी कुणाचं हसू येई, कधी फोडणीचा वास. आईचा आवाज मात्र येत नसे.

एका सोनेरी सकाळी तिला काट्यांत काहीतरी लुकलुकताना दिसलं. इवलीशी परी! मोरपंखी झगा, दवासारखे चमचमते पंख, आणि त्यातला एक काट्यात रुतलेला. शेवंतीने तो हळूच सोडवला. तिची नाजूक बोटं रक्ताळली.

“बाळ, एक इच्छा माग,” परी म्हणाली. “आपल्यापुरतं मागितलंस, तर आई कायमची तुझ्याकडे येईल, पण कुंपण पुन्हा कधीच उघडणार नाही. सगळ्यांसाठी मागितलंस, तर वाट उघडेल, पण सूर्य मावळेपर्यंतच.”

“मग काटे परत येतील?”

“रिकाम्या जागेत येतील.”

‘आई’ हा शब्द शेवंतीच्या ओठांवर आला होता. पण तिला आजी आठवली. अंथरुणाला खिळलेली, एकटी. जवळच पहारेकरी दौलतकाका उभे होते. त्यांची तान्ही लेक पलीकडे जन्मली होती. त्यांनी तिला अजून पाहिलंही नव्हतं. तेही रोज तसेच कान देऊन उभे राहत.

“सगळ्यांसाठी,” शेवंती म्हणाली आणि हुंदके देऊ लागली.

सळसळ झाली. काटे गळाले. दोन्हीकडून माणसं धावत सुटली.

“अगं माझ्या सोन्या, केवढी झालीस!” आईने तिला उराशी कवटाळलं.

“आई, संध्याकाळी परत जाशील?”

आईने मावळतीकडे पाहिलं. ऊन कलत होतं.

शेवंती वाटेच्या मधोमध जाऊन उभी राहिली. “मी हलणार नाही. काटे रिकाम्या जागेतच येतात!”

आई तिच्या शेजारी उभी राहिली. बाळाला छातीशी धरून दौलतकाकांनी भाला टाकला नि तेही आले. मग सगळेच आले. हातात हात गुंफले गेले, माळ या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून गेला.

दोन्ही राजे घोडे दौडवत आले. “आमच्या माणसांनो, बाजूला व्हा!” ते गरजले. पण त्या रांगेत आपलं कोण नि त्यांचं कोण, दोघांनाही ओळखू येईना.

सूर्य मावळला. काटे सरसरत पावलांपर्यंत आले, थबकले आणि मातीत विरून गेले.

“शेवंते, ही वाट आता तुझी नि सगळ्यांची,” परी गोड हसली. गुलाबी, निळ्या, रुपेरी उजेडाचा झोत आभाळात उसळला आणि परी त्यात मिसळून गेली.

आईचा हात घट्ट धरून शेवंती आजीच्या घराकडे चालू लागली.