निम्मे पैलवान हरले

शंकरअण्णा इंगवले शाळेचे अध्यक्ष होते आणि जत्रेतलं कुस्त्यांचं मैदानही तेच भरवायचे. सराव परीक्षेचा निकाल हाती पडला तसे ते तरातरा शिक्षकांच्या खोलीत आले आणि गणिताच्या तोडकरबाईंपुढे उभे राहिले.

"बाई, निम्मी पोरं पन्नासाच्या खाली? पुढच्या परीक्षेला सगळी पन्नासाच्या वर पाहिजेत. नाहीतर तुमची बदली डोंगरातल्या शाखेवर."

बाईंनी समजावून पाहिलं. "अण्णा, हे गुण नव्हेत, पर्सेंटाइल आहे. आपल्याच शाळेतल्या शंभरातल्या किती जणांना पोरानं मागं टाकलं, एवढंच ते सांगतं. गुण सगळ्यांचे साठाच्या पुढं आहेत."

"मला गणित शिकवू नका. सांगितलं तेवढं करा."

"करते की," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण यंदा तुमच्या मैदानात सगळ्या कुस्त्या निकाली झाल्या, आणि तरी निम्मे पैलवान हरले. पुढच्या जत्रेत सगळेच्या सगळे जिंकतील असं बघा. तुम्ही ते जमवलंत की मी हे जमवते."

बाकीच्या शिक्षकांनी माना खाली घातल्या. अण्णा उसळले.

"कुस्तीतलं काय कळतं तुम्हांला? एकाची पाठ मातीला लागल्याशिवाय दुसरा जिंकणार कसा?"

"पालकसभेत पर्सेंटाइल तुम्हीच समजावून सांगा, अण्णा," बाई म्हणाल्या. "माझ्यापेक्षा सोपं करून सांगता."

अण्णांनी पालकसभेत ते सांगितलंही. बदलीचं तेवढं विसरले.