सरदार रंगरावांचा विडा

अमक्याने विडा उचलला, असं आपण आज सहज म्हणतो. पूर्वी तो भर दरबारात खरोखर उचलावा लागे.

नरभक्षक वाघाने सावरखेड्यात हैदोस मांडला, तेव्हा उमाबाई राणीसाहेबांनी तबकात विडा ठेवला. जो विडा उचलील, त्याने वाघ मारायचा. सगळ्यांनी माना खाली घातल्या. सरदार रंगराव तेवढे हसले.

"बाईमाणसाच्या शब्दावर कोण जीव देणार? दिवस मावळेपर्यंत विडा तसाच राहिला, तर राणीसाहेबांनी गादी सोडावी."

राणीसाहेब मनातून चरफडल्या, पण बोलल्या गोड. "आधी जेवून तर घ्या."

पंगत पुरणपोळीची झाली. जेवणावर पान मात्र कुणालाच मिळालं नाही. दरबार पुन्हा बसला, तेव्हा विड्याचं तबक रंगरावांच्या हाताशी होतं.

"सरदार, तरुणपणी तुम्ही म्हणे वाघ लोळवलात. सांगा की."

झालं. रंगरावांची गाडी सुटली. वाघ झाडीतून झेपावला, भाला फिरला, आणि बोलता बोलता सवयीचा हात तबकात गेला. विडा तोंडात पडला आणि तिकडे नगारा झडला.

"शाबास," राणीसाहेब म्हणाल्या, "सरदारांनी विडा उचलला."

रंगराव ताडकन उठले. "चुकून घेतला, राणीसाहेब. जेवणावरचा समजून."

"काही हरकत नाही. होता तसा तबकात ठेवा आणि खुशाल घरी जा."

रंगरावांनी रिकाम्या तबकाकडे पाहिलं, भरल्या तोंडाने मुजरा केला आणि भाला मागवला.