मिरेनेच्या बंधाऱ्यातले खिंडार

पूर्वी द्वापरयुगाच्या उतरणीला, पश्चिमसमुद्राच्या पल्याड, जिथे तृण बारा महिने हिरवे राहते त्या आयर्लंडनामक द्वीपावर मिरेना नावाची पुण्यसलिला वाहत असे, आणि तिच्या तीरी फेलिम राजाचे नगर होते. नावे ऐकून हसू नका, श्रोतेहो. देव सगळीकडचे, आणि माणसाचा हट्टही सगळीकडचाच!

हा फेलिम पराक्रमी, दानशूर, प्रजावत्सल. पण एकदा मनात आले की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी ऐकायचा नाही. त्याने मिरेनेवर या काठापासून त्या काठापर्यंत दगडी बंधारा घातला. मासे आयतेच अडू लागले, नगरात मेजवान्या झडू लागल्या. आता तिथल्या रुपेरी मत्स्यांचा कुलधर्म असा, की जन्म उगमाशी, आयुष्य समुद्रात, आणि अंडी घालायला पुन्हा उगमाशी. लेकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतात ना, तसे. त्या माहेरवाशिणी बंधाऱ्याखाली तडफडून मरू लागल्या.

तेव्हा शुभ्रवसना, मुक्तकेशा मिरेनादेवी प्रवाहातून प्रकट झाली आणि गर्जली, "राजा, माझ्या लेकींची माहेरची वाट तू अडवलीस! हा बंधारा अखंड आहे तोवर तुझी लेकही माहेरी पोचणार नाही. ना जलमार्गाने, ना स्थलमार्गाने!"

राजाची एकुलती एक कन्या सोर्का समुद्रकाठच्या राज्यात दिलेली. दिवस भरत आले म्हणून ती नावेतून माहेरी निघालीच होती. नगर दृष्टीस पडले आणि नाव थबकली. वल्ही मारावीत तर मागे जाई. काठावर उतरावे तर पावले आपोआप समुद्राकडे वळत. बिचारी नावेत बसून रडू लागली.

बंधारा फोडायचा, एवढेच तर काम! पण नाही. "राजाने रचलेले राजाच मोडील काय?" असे म्हणून फेलिमने लेकीला धीर यावा यासाठी गगनचुंबी गोल मनोरा उभारला आणि त्यावर दीप लावला. पुराणातले कारागीर ते, रातोरात काम! नाव हलली नाही. मग तिच्याकडे दोर फेकण्यासाठी कमानींचा भव्य पूल बांधला. दोर तुटला.

"जळो तो तुमचा दगडांचा सोस!" डेर्वला नावाची त्याची राणी कडाडली. "पोरीला कळा सुरू झाल्या असतील तिकडे. जा, लॉर्कानमुनींचे पाय धरा!"

ओकवृक्षांच्या छायेत, जिथे हरिणे निर्भय चरत होती त्या आश्रमात राजा गेला. मुनींनी उपदेश केला नाही. त्यांनी राजाला हाताला धरून बंधाऱ्यावर नेले.

"राजन्, खाली पाहा."

पोटात अंडी घेऊन एक मासोळी उडी मारी, दगडावर आपटे, रक्ताळून मागे पडे आणि पुन्हा उडी मारी. तिच्यापलीकडे, नदीच्या वळणावर, सोर्का एका हाताने पोट सावरीत दुसऱ्या हाताने वल्हे मारीत होती; तीही मागे पडत होती.

राजाने नदीला हात जोडले. "माते, चुकलो! माझ्या लेकीहून हे धोंडे मला प्रिय झाले!" असा आक्रोश करून त्याने कोणाची पहार होती ती हिसकावली आणि मधोमध घाव घातला. पाणी धो धो सुटले. आधी ती मासोळी वर गेली, आणि तिच्या मागोमाग नाव.

फेलिम गळा काढून रडू लागला. सोर्का म्हणाली, "तात, आधी सुईणीला बोलवा! रडणे मागाहून!"

सूर्यास्तापूर्वी राजवाड्यात तान्ह्याचे रडणे ऐकू आले. हुश्श! सारे नगर हसले. मिरेनादेवी प्रसन्न होऊन वदली, "जोवर हे खिंडार मोकळे, तोवर या नगरीची लेक वाटेत अडणार नाही."

आजही परदेशचे प्रवासी येतात, मनोऱ्यापुढे माना उंचावतात आणि पुलाची वाहवा करतात. पण लेक बाळंतपणाला यायची असली की तिथली आई आधी बंधाऱ्यावर जाते, खिंडारात अडकलेला पालापाचोळा हाताने काढते, आणि मगच घरी येऊन चुलीवर पाणी तापत ठेवते.