यादीतून राहिलेलं टेबल

लाकडी सामान अजून आपापसांत बोलत असे, त्या काळातली ही गोष्ट. नलिनी आणि अच्युत या भावंडांचे वडील वारले आणि वाटणीचा वाद कोर्टात गेला. कोर्टाने आधी सामानाची किंमत ठरवून आणायला सांगितलं.

सरकारमान्य व्हॅल्युअर रेगे आले, तेव्हा शिसवी कपाट ताठ उभं राहिलं. रेग्यांनी त्याची दारं ठोकून पाहिली, सांधे तपासले, आरामखुर्ची उलटी करून पाहिली. मग कोपऱ्यातल्या डुगडुगत्या टेबलाशी बसून त्यांनी सगळ्यांच्या किमती लिहिल्या. चहाही तिथेच घेतला. टेबलाची किंमत लिहायची मात्र राहून गेली.

"तुझी किती लागली?" कपाटाने विचारलं.

"लिहिलीच नाही," टेबल म्हणालं.

"वाईट वाटून घेऊ नकोस. सगळ्यांनाच किंमत नसते."

कपाटाची किंमत भरपूर निघाली. ज्याने कपाट ठेवायचं त्याने दुसऱ्याला अर्धे पैसे द्यायचे होते, आणि तेवढे दोघांकडेही नव्हते. शेवटी व्यापाऱ्याचा टेम्पो आला. कपाट गेलं, खुर्चीही गेली.

"हे टेबल कोणाच्या वाटणीचं रे?" नलिनीने विचारलं.

अच्युतने यादी पाहिली. "ताई, यात ते नाहीच."

नलिनीने दोघांचा चहा टेबलावर ठेवला. टेबल डुगडुगलं, आणि चहा सांडू नये म्हणून दोघांनी एकदमच त्याला हात लावला.