माळ्यावरची आसनं

"सातवं! सात विद्यापीठांत आपलं सातवं!" राजवैद्य अप्पाशास्त्र्यांनी भर दरबारात कपाळावर हात मारून घेतला. "महाराज, आठवं असतं ना, तर आपण आठवे आलो असतो!"

वैजनगरच्या दरबारात त्या दिवशी नुसता कल्ला! सात राज्यांच्या पंडितांनी सभा भरवून विद्यापीठांचे क्रमांक लावले होते, आणि एके काळी पहिलं येणारं वैजनगरचं विद्यापीठ पार तळाला गेलं होतं. मग काय, तिथं शिकून मोठे झालेले सगळे माजी विद्यार्थी पागोटी सावरत राजाकडे धावले.

"माझ्या सासुरवाडीपर्यंत बातमी गेली हो!" न्यायाधीश त्र्यंबकपंत रडकुंडीला आले होते. "मेहुणा विचारतो, भावजी, तुम्हाला लिहिता-वाचता तरी येतं ना?"

"आमच्या वेळी काय वैभव होतं!" राजज्योतिषी मोरभटांनी उसासा टाकला. "आता कुस्ती कोण शिकवतं, तर व्याकरणाचे गुरुजी! एक दंड काढतात आणि पाणी मागतात!"

राजा प्रतापधवल रागानं लालबुंद झाला. तोही तिथलाच विद्यार्थी. आणि हट्टी असा, की एकदा मूग म्हणाला की महिनाभर राजवाड्यात मूगच शिजणार!

"शास्त्रीबुवा!" तो कुलगुरू नरहरशास्त्र्यांवर गरजला. "आठ दिवसांत विद्यापीठाचं जुनं वैभव इथं आमच्यासमोर आणून ठेवायचं! नवी इमारत मिळणार नाही, परराज्यातला पंडित मिळणार नाही, खजिन्यातली कवडी मिळणार नाही. नाही आणलंत, तर विद्यापीठाला टाळं ठोकू आणि तिथं हत्ती बांधू!"

म्हाताऱ्या कुलगुरूंची बोबडीच वळली. वैभव म्हणजे काय भोपळा आहे, डोक्यावर घेऊन यायला?

त्यांच्यामागे हौसा उभी होती. तांबटाची पोर. "मुलींना कुठं शिकवतात?" म्हणणाऱ्या झाडून सगळ्यांशी भांडून तिनं विद्यापीठात प्रवेश मिळवला होता. अजून तिचा पहिला धडासुद्धा झाला नव्हता, आणि आता तिच्या जागेवर हत्ती बसणार! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मी आणते, महाराज!"

"तू?" राजानं मिशीला पीळ दिला. "आणि नाही आणलंस तर?"

"तर हत्तींना चारा घालायला मलाच ठेवा. तेवढंच विद्यापीठात राहणं होईल!"

राजाला हसू आलं, पण त्यानं ते मिशीतच दाबलं.

"अट एकच," हौसा म्हणाली. "आणलेलं वैभव खरं की खोटं, ते या माजी विद्यार्थ्यांनीच ओळखायचं. पाहिलंय ते त्यांनीच!"

"कबूल!" राजा म्हणाला.

आठव्या दिवशी दरबाराच्या दारात बैलगाडी येऊन थांबली. वर गोधडी पांघरलेली. सगळे माना उंचावून बघायला लागले. हौसानं गोधडी खसकन ओढली, आणि खाली निघाली काय, तर लव्हाळ्याची जुनीपुराणी, उंदरांनी कुरतडलेली आसनं!

"ही कसली अडगळ?" राजा ओरडला.

पण अप्पाशास्त्री तर केव्हाच गाडीवर चढले होते! "अरे, हे माझं! हा बघा काढ्याचा डाग! मी सगळ्या वर्गाला पाजला होता, आणि सगळा वर्ग तांब्या घेऊन पळाला होता!"

"आणि हे माझं!" त्र्यंबकपंतांनी पागोटं भिरकावलं. "ही कड उंदरांनी नाही, मीच खाल्लीय. परीक्षेच्या धसक्यानं!"

मोरभट आपलं आसन नाकाला लावून हुंगत होते. "याच्याखाली मी बोरं लपवायचो हो!" त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग जी झुंबड उडाली म्हणता! सेनापती, कोठावळे, कवी, सगळे गाडीवर तुटून पडले. पिकल्या मिशांची माणसं आसनं छातीशी धरून नाचायला लागली.

"ओळखलंत ना नीट?" हौसानं विचारलं.

"म्हणजे काय! पैज लाव!"

"मग ही आसनं विद्यापीठाच्या माळ्यावर कशासाठी ठेवली होती, तेही आठवत असेल!"

नाच थांबला. अप्पाशास्त्र्यांनी आसन हळूच पाठीमागे लपवलं.

"कुलगुरुजी, तुम्हीच सांगा," हौसा म्हणाली.

"आमच्याकडची रीत आहे, महाराज," नरहरशास्त्री म्हणाले. "शिक्षण संपलं की विद्यार्थ्यानं आसन माळ्यावर ठेवायचं आणि शपथ घ्यायची, की एक पावसाळा परत येईन आणि याच आसनावर बसून शिकवीन. पूर्वी यायचे सगळे. मग एकेकाला मोठी पदं मिळाली..."

"आणि व्याकरणाच्या गुरुजींना कुस्ती मिळाली!" हौसा म्हणाली. "महाराज, वैभव कुठं हरवलं नव्हतं. ते इथं दरबारात बसून तक्रारी करत होतं! घ्या, आणून ठेवलं तुमच्यासमोर, आसनांसकट. त्यांनी स्वतःच ओळखलंय!"

राजा मांडी थोपटून हसायला लागला. "बरे सापडलात! पावसाळा तोंडावर आलाय. उद्यापासून सगळे विद्यापीठात!"

"पण माझे रोगी?" अप्पाशास्त्री म्हणाले.

"तिथंच तपासा, पोरांना शेजारी बसवून!"

"पण मुहूर्त..." मोरभट पुटपुटले.

"मुहूर्त आम्ही काढलाय. उद्या सकाळी!"

"महाराज, गाडीत एक उरलंय," हौसानं शेवटचं आसन उचललं. त्याच्या मधोमध भलंमोठं जळकं भोक! "हे कुणाचं?"

राजा एकदम छताकडे बघायला लागला.

"एका मुलानं थंडीत आसनाखाली शेगडी ठेवली होती," कुलगुरू खाकरले. "काढ म्हटलं तरी काढेना. फार हट्टी होता."

राजा सिंहासनावरून उतरला. कान खाजवत गाडीपाशी आला.

"आमचं आहे ते," तो म्हणाला, आणि असा खदाखदा हसला की मुकुट घरंगळला! सगळा दरबार पोट धरून हसायला लागला. "पण पोरी, आम्ही शिकवावं काय?"

"राज्य कसं चालवावं ते शिकवा. आणि शेगडी कुठं ठेवू नये तेही!"

"शाबास! माग, काय हवं ते माग!"

"मला एक आसन हवंय, महाराज."

"एवढंच? जरीचं देतो!"

"जरीचं नको. लव्हाळ्याचंच द्या," हौसा म्हणाली. "मलाही ते एक दिवस माळ्यावर ठेवायचंय."

राजानं तिथल्या तिथं नवं कोरं आसन मागवलं आणि स्वतःच्या हातानं तिला दिलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या धड्याला हौसा त्यावर ऐटीत बसली, आणि समोर भोकाच्या आसनावर राजा!