फुकटचं ऊन

"आता तरी अनुग्रह देणार आहात का, माई? हो की नाही, एवढंच सांगा."

शशिधरने हे विचारलं तेव्हा बाहेर वैशाखाचं ऊन भाजून काढत होतं, आणि मठाच्या नव्या सभागृहात येसूमाई घोंगडी पांघरून कुडकुडत बसली होती.

माईनं घोंगडी तेवढी कानावर ओढून घेतली.

हा शशिधर पुण्याचा. इमारतींचे नकाशे काढणारा. हुशार, मेहनती, आणि स्वतःच्या हुशारीवर भलताच खूश.

मी तातोबा. मठातला स्वयंपाक, झाडलोट आणि माईची बोलणी खाणं, ही माझी कामं. अनुग्रह मला मिळालाय. किती ताटकळलो ते मात्र विचारू नका.

शशिधर पहिल्यांदा या माळावर आला तेव्हा अंगणात उभा राहून वर बघत कळवळला होता, "अहो, एवढं ऊन फुकट चाललंय!"

पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. माझे कान किटले.

शेवटी माईच एकदा वैतागली. "मग कर की बाबा कायतरी! नुसता बोंबलतोस कशाला?"

आणि केलं हो त्यानं. खोटं कशाला बोलू? चालती नोकरी सोडली, उन्हातान्हात गवंड्यांबरोबर उभा राहिला, सभागृह बांधलं. छपरावर सगळ्या सोलरच्या प्लेटा. गावातली वीज जाते तेव्हाही आमच्याकडे उजेड असतो. माईनं स्वतः त्याच्या पाठीवर हात ठेवला होता त्या दिवशी.

पण त्याला पाठीवरचा हात नको होता. त्याला कानात मंत्र हवा होता. सभागृह झालं की अनुग्रह ठरलेलाच, असं तो धरून चालला होता. आता सभागृह होऊन वर्ष उलटलं, तरी माई त्याला काही बोलत नव्हती.

"माई, मी काय विचारतोय?"

"थंडी वाजतीय रं."

"अरे हो! कमी करतो." तो एसीचा रिमोट शोधायला लागला. गादीखाली बघितलं, तक्क्यामागे बघितलं, माझ्याकडे संशयानं बघितलं. रिमोट काही सापडेना.

"जाऊ दे. गाडीत शाल आहे माझी. आणू?"

म्हणजे यंत्र थांबवायचं नाही. वरून शाल आणायची! माझं डोकंच फिरलं.

तसं ते त्या सभागृहात रोजच फिरतं. पश्चिमेला अख्खी भिंत काचेची. दुपारी तिथून ऊन घुसतं, म्हणून तिला जाड पडदे. पडद्यांनी अंधार होतो, म्हणून छतातले सगळे दिवे भर दुपारी चालू. मी दिवसातून दहादा उठून बटणं बंद करतो आणि कुणीतरी येऊन पुन्हा लावतं.

आताही उठलोच.

"असू द्या हो, तातोबा! कशाला उठबस करता? फुकट तर आहे."

माईनं पहिल्यांदाच मान वर केली.

"काय म्हणलास?"

"फुकट आहे म्हटलं, माई. वीज घरचीच. कितीही जाळा, कोण विचारणार आहे?"

"हं..."

माई उठली. आधाराला मी हात पुढे केला, तर तो झिडकारला. घोंगडीसकट तुरूतुरू चालत दाराबाहेर गेली आणि पायरीवर, रणरणत्या उन्हात, फतकल मारून बसली.

आम्ही दोघं मागोमाग धावलो. शशिधरने डोक्यावर रुमाल धरला होता.

"माई! उन्हात काय बसताय?"

"ऊन खातीय."

"वैशाखात?"

"हाडं गोठली माझी."

"आत चला, माई. लोक काय म्हणतील? आत एवढा एसी चालू आहे..."

"कुणासाठी?"

शशिधरने मागे वळून बघितलं.

सभागृहात चिटपाखरू नव्हतं. दिवे सगळे चालू. पंखेही फिरत होते, एसीच्या जोडीला. दार सताड उघडं, आणि आतला गारवा आमच्या पायांवरून वाहत अंगणात चालला होता.

दार तरी लावावं म्हणून मी वळलो.

"ऱ्हाऊ दे, तातोबा," माई म्हणाली. "कशाला उठबस करतोस?"

मी निमूट बसलो. पायरी तव्यासारखी तापली होती, पण आता उठायची सोय नव्हती.

शशिधरच्या मानेवरून घामाचे ओघळ उतरत होते. घोंगडीतली माई मात्र हळूहळू सैलावली. डोळे मिटून बसून राहिली...

"शशिधर."

"बोला, माई."

"तू पयल्यांदा हितं आलास, तवा वर बघून काय म्हणाला हुतास?"

एवढं सोपं विचारलं म्हणून तो जरा हसला. "एवढं ऊन फुकट चाललंय, म्हणालो होतो."

"आन् आता?"

"आता फुकट मिळतंय!"

माई त्याच्याकडे बघत राहिली. मग उघड्या दाराकडे. मग पुन्हा त्याच्याकडे.

"तवा नुसतं अंगणात फुकट चाललं हुतं," ती म्हणाली. "आता घरात चाललंय."

...

मला वाटलं, लागली आता. शशिधरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पण ते उन्हानंही असेल.

"माई, तुम्ही विषय बदलताय," तो म्हणाला. आवाज चढला होता त्याचा. "दर वेळी असंच करता. वीज, दिवे, ऊन... मी अनुग्रहाचं विचारतोय! नोकरी सोडली त्याच्यासाठी. आईवडिलांशी भांडलो. अजून काय करू? कुणासमोर नाक घासू?"

माई घोंगडीवरची कुसळं वेचत बसली.

"माझ्यात काय कमी आहे, तेवढं तरी सांगा!"

माईनं घोंगडी उतरवली. घडी घालून मांडीवर ठेवली. मघाचा वैताग तिच्या तोंडावर आता नव्हता. लेकराचा ताप बघावा तसा तिनं त्याच्या कपाळावर हात टेकवला.

त्याचा आवाज एकदम खाली आला. डोळे भरले होते.

"काय लागतं अनुग्रहाला, माई? सांगाल ते देतो."

आत, रिकाम्या सभागृहात, यंत्र घरघरत होतं.

"कायबी लागत न्हाई, बाबा," माई म्हणाली. "त्योबी फुकटच असतो."